अधिक बत्तीस

१२ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. (सवयीने लिहिलेत, फार मनावर घेऊ नकोस.) आम्ही दोघं इकडे बरे आहोत. उन्हाळा लागलाय, पाणी एक दिवसाआड येतं, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन दिवसभर डोक्यावर खडखडतं. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं. म्हटलं, बाबा गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू आपणहून पत्र टाकलंस, ते दुसरं कशासाठी टाकणार? उभ्याउभ्याच फोडलं. बाबा आहेत हे वाचून खाली बसले. मग पुढचं वाचलं आणि पुन्हा उभी राहिले.

बाबांचं हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात आता फक्त जपायचं, डोळे गेल्यात जमा आहेत, कानाशी ओरडलं तरी अर्धंच पोचतं, हे सगळं तू नीट सविस्तर लिहिलंस. बरं केलंस. खरा मुद्दा शेवटच्या चार ओळींत आला. जावयाने यावं, आपल्या काचेच्या कारखान्यातल्या माणसांसमोर 'चूक माझी होती' म्हणावं, मग बाबा मोकळ्या मनाने माफ करतील आणि मग मला घराचा उंबरा ओलांडता येईल. 'ताई, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे,' असं लिहितोस. दोन नाहीत रे, तीन आहेत. मोज.

मी हे पत्र ह्यांना दाखवणारच नव्हते. पण माझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी, तुला माहीतच आहे. कामावरून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "कोणाचं पत्र?" दिलं हातात. वाचलं, घडी घातली, पुन्हा पाकिटात ठेवलं, आणि म्हणाले, "जातो की."

मी म्हटलं, "काय जातो की? कशासाठी?"

"तुला बाबांना भेटायचंय ना? मग तीन शब्दांनी माझं काय झिजणार आहे?"

बघ, ह्यांनी बरोबर मोजले.

हे हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आहेत. पट्ट्यावरून खोकी येतात, फाटकी बाजूला काढायची, चांगली पुढे जाऊ द्यायची. मुकादम चांगला माणूस आहे, त्याने स्टूल आणून दिलं. हे त्यावर बसत नाहीत. आठ तास उभे. पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो, बसायला काय घेता?" हे हसले नुसते. भट्टीचं काम पुष्कळ ठिकाणी मिळत होतं. ह्यांच्यासारखा हात कोणाला नको होता? पण ह्यांनी भट्टीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही असं ठरवलं ते ठरवलं.

तू विसरला असशील म्हणून जुनं थोडं लिहिते. विसरायची सोय तुला होती, आम्हाला कुठली?

आपल्याकडे बाबांनी जन्मभर बरण्या आणि दिव्यांच्या काचा केल्या. त्या वर्षी वाचनालयाचं काम आलं. तळघरात उजेड जावा म्हणून वाचनालयाच्या फरशीत बसवायच्या काचेच्या लाद्या, चार बोटं जाड. इतकी जाड काच आपल्या भट्टीने कधी पाहिली नव्हती. बाबा पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर. काच नव्या ठिकाणाहून मागवली, आणि ती कशी तापवायची, कशी गार करायची त्याचे सगळे आकडे त्या लोकांनी दिले सेल्सिअसमध्ये. आपल्या भट्टीची तबकडी बाबांच्या तरुणपणातली, फॅरनहाइटची. तू नुकताच पदवी घेऊन आलेला, कॉलर ताठ. "आकडे मी फिरवून देतो," म्हणालास आणि दिलेस. ह्यांनी भट्टीपुढच्या लोखंडी स्टुलावर बसून, तू दिलेल्या आकड्याप्रमाणे तासातासाला तेलाचा कॉक फिरवत आच खाली आणली.

लाद्या काय देखण्या निघाल्या होत्या! बाबांना खुर्चीत बसवून आणलं बघायला. वाचनालयात बसल्याही. महिना झाला नसेल, एका सकाळी झाडूवालीने नुकती फरशी पुसलेली, माणूस नाही काणूस नाही, आणि एक लादी फाटकन फुटली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. नशीब, कोणी खाली गेलं नाही. सगळ्या उपटून काढाव्या लागल्या आणि गावभर आपल्या नावाने शिमगा झाला.

मग अंगणात आपली पंचायत बसली. बाबा म्हणाले, जाड काच घाईने गार झाली की बाहेरचं अंग आधी घट्ट होतं, आतलं मागे राहतं, ताण पोटात धरून ती वरून छान दिसते आणि एक दिवस फुटते. तर घाई कुठे झाली? आधी तुझा आकडा तपासला. गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस. बाबांनी केला, तू केलास, मी केला, ह्यांनीसुद्धा केला. चौघांचं उत्तर एकच. आकडा बरोबर, तर चुकला कोण? भट्टीपुढे बसलेला माणूस. "डोळा लागला असेल, आच एकदम पडली असेल," बाबा म्हणाले. हे म्हणाले, "नाही लागला." बाबा म्हणाले, "झोपलेल्याला कधी कळलंय का, तो झोपला ते?"

तिथेच निकाल लागला. पुढचं तुला आठवत असेल. आमचं सामान टेम्पोत चढवायला तूच हात लावला होतास.

असो. एक बारीकसं विचारायचं होतं. मी हल्ली संध्याकाळी आसपासच्या मुलींच्या शिकवण्या घेते. त्यात तापमानाचा धडा आला, म्हणून सहज आठवलं. त्या लाद्या तासाला किती अंशांनी गार करायच्या असं त्या लोकांनी सांगितलं होतं? माझ्या आठवणीप्रमाणे पंधरा. आणि तू ह्यांना एकोणसाठ सांगितलेस. बरोबर ना? वेळ मिळाला तर कळव. फोन करू नकोस. मी मुद्द्यावर आले की तुझ्याकडचा आवाज नेमका तुटतो.

हे महिन्याच्या शेवटच्या रविवारी यायचं म्हणतात.

बाबांना सांग, ताईने विचारलंय. माझी पत्रं तूच त्यांना वाचून दाखवतोस, तेव्हा निदान एवढी ओळ तरी वाच.

तुझी ताई


२१ मार्च

बारक्या,

आशीर्वाद या वेळी राहू देत. उत्तर मिळालं. सहा ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. 'जुनं उकरून आता कोणाचं भलं होणार? आकडा तेव्हा सगळ्यांनी तपासला होता.' पंधरा होते का, एकोणसाठ होते का, याला हो नाही आणि नाहीही नाही. लहानपणीही तू असाच होतास. कप फुटला की फुटल्याचं काही बोलायचं नाही, 'मांजर कुठेय?' एवढंच विचारायचं.

मी तुला मागच्या पत्रात अर्धंच सांगितलं. म्हटलं, बघू, हा आपणहून काही बोलतो का. आता पुरतं सांगते.

माझ्याकडे एक चष्मेवाली मुलगी येते. हुशार, पण वादाला पक्की. तिच्या पुस्तकात एक गणित होतं. सकाळपेक्षा दुपारचं तापमान पंधरा अंश सेल्सिअसने वाढलं, तर फॅरनहाइटमध्ये ते किती अंशांनी वाढलं? पोरीने उत्तर काढलं, एकोणसाठ. पुस्तकात मागे उत्तर होतं, सत्तावीस. मी पुस्तकालाच खोटं ठरवलं! म्हटलं, छापणाऱ्याची चूक, तुझं बरोबर आहे, आमच्या घरात हे गणित चौघांनी सोडवलंय. तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, पण मग शून्य अंशांनी वाढलं तर बत्तीस अंशांनी वाढलं असं येईल."

शून्य अंशांनी वाढलं म्हणजे वाढलंच नाही, आणि आमच्या उत्तराप्रमाणे ते बत्तीसने वाढणार. हातातला खडू तसाच राहिला. पोरीला घरी पाठवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

तू पदवीधर आहेस, तुला समजावायला नको. तरी समजावते, कारण इतकी वर्षं आपण सगळेच बैल निघालो. पाणी गोठतं तिथे एका मापात शून्य आहे आणि दुसऱ्यात बत्तीस. म्हणून आत्ता तापमान किती आहे हे फिरवायचं असेल तर बत्तीस मिळवायचे. पण किती उतरलं, किती चढलं, त्याला बत्तीसशी काय देणंघेणं? मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. पाच वर्षं सरली की तुझीही पाच सरतात आणि माझीही पाचच. माझी बारा सरत नाहीत. भट्टी किती गरम आहे ते सांगताना तुझं बत्तीस बरोबर होतं. तासाला किती उतरवायची, तिथे ते नको होतं. सत्तावीसने उतरवायची भट्टी ह्यांनी तुझ्या सांगण्यावरून एकोणसाठने उतरवली. दुपटीहून जास्त वेगाने. काच फुटणारच होती. तिथे डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस असता तरी फुटली असती. तसाच माणूस बसला होता, म्हणून तर इतक्या इमानदारीने फुटली.

हे लक्षात आलं तेव्हा मला तुझा राग आला नाही, खरं सांगते. म्हटलं, पोरगं नवं होतं, चुकलं. चुकलो तर चौघेही. बाबांसारख्या माणसाने तपासून बरोबर म्हटलं, तिथे तुझी काय कथा? मी तर मनातल्या मनात पत्रही लिहिलं होतं, 'बारक्या, बघ रे काय गंमत झाली होती.' गंमत! असं लिहिणार होते मी.

तेवढ्यात घासाईवाली मावशी भेटली. काचेच्या कडा घासायला आपल्याकडे होती ती, पांढऱ्या केसांची, मोठ्याने हसणारी. तिची लेक इथेच दिली आहे, म्हणून काम सोडून तिच्याकडे राहायला आलीय. दवाखान्याच्या बाकावर शेजारी येऊन बसली. ह्यांच्यासाठी गोळ्या घ्यायला गेले होते. काय काय बोलली आणि मग तुझं कौतुक सुरू केलं. "धाकटे मालक भारी हुशार. त्या भानगडीनंतर पुढच्याच साली जाड काचेचं काम पुन्हा धरलं. या वेळी स्वतः भट्टीशी बसले. कोणाला कॉकला हात लावू देईनात. सारखं आपलं, सत्तावीस, तासाला फक्त सत्तावीस. तेव्हापासून एक लादी फुटली असेल तर शपथ."

सत्तावीस, बारक्या! पंचवीस नाही, तीस नाही. अंदाजाने आच कमी केली असती तर मी तुला संशयाचा फायदा दिला असता. पण सत्तावीस अंदाजाने येत नाही. तुला कळलं होतं. वर्षाच्या आत कळलं होतं. आम्ही तेव्हा या गावात पत्र्याच्या खोलीत राहत होतो, हे कामासाठी दारोदार फिरत होते, आणि जिथे जातील तिथे आधीच बातमी पोचलेली असायची की हा भट्टीवर झोपतो. तू तिकडे सत्तावीस लावून लाद्या काढत होतास आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती म्हण लिहिणाऱ्याने आपलंच घर पाहिलं असेल.

तुला एक सांगू? हे स्टुलावर का बसत नाहीत, माहीत आहे का तुला? डोळा लागेल म्हणून. दिवसाढवळ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांपुढे. त्यांना स्वतःवर भरवसा उरला नाही. आधी पहिले काही महिने म्हणायचे, "नाही गं, मी जागा होतो." मग म्हणायला लागले, "असेल, क्षणभर लागला असेल." आता विषयच काढत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी मिळून माणसाला त्याच्या न लागलेल्या झोपेबद्दल पटवलंत.

तर आता नीट ऐक. मी ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. बाबांना मी सांगून उपयोग नाही. माझी पत्रं तू वाचणार, आणि समोर येऊन ओरडले तरी ते म्हणतील, बायकोने नवऱ्याची वकिली केली. हे तुझ्याच तोंडून यायला हवं. तुझ्या तोंडून आलं तर बाबा शंका घेणार नाहीत. आपला तो बाळ्या आहेसच तू त्यांचा.

हे रविवारी सकाळच्या बसने निघतील, दुपारी पोचतील. त्याच्या आधी बाबांना सांग. माणसं गोळा करायची तर कर, पण माफी कोण कोणाची मागणार ते बदल. मला बाकी काही नको. घर नको, कारखाना नको. ह्यांनी ते तीन शब्द तोंडातून काढायच्या आत तू बोल, एवढंच.

तू बोलशील असं मला अजून वाटतं. मी तुला कडेवर घेऊन फिरवलंय, म्हणून वाटतं.

ताई


२ एप्रिल

हे परत आले.

आल्या आल्या मी चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा उजळलेला. क्षणभर वाटलं, बोलला! बोलला माझा भाऊ! पाणी आणायला आत गेले. बाहेर आले, तेव्हा हे शर्टाची बटणं काढत होते. म्हणाले, "झालं बरं का. सांगितलं सगळ्यांसमोर. बाबांनी जवळ बोलावलं, हात हातात घेतला. म्हणाले, जावईबापू, झालं गेलं विसरू या."

मी विचारलं, "आणि बारक्या?"

"बारक्या फार चांगला वागला गं. चहा स्वतः आणून दिला. बस थांब्यापर्यंत सोडायला आला. बस सुटेपर्यंत उभा होता."

चहा आणून दिलास. बस सुटेपर्यंत उभा राहिलास. वा रे वा! तेवढ्या वेळात तुला एक वाक्य बोलता आलं नाही? माझं पत्र तुझ्या खिशात होतं की जाळून टाकलं होतंस? ह्यांनी खाली मान घालून 'चूक माझी होती' म्हटलं तेव्हा तू कुठे बघत होतास? भट्टीकडे बघितलंस का? तबकडीकडे? नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. इतके दिवस मी तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडत होते, आता भांडायला कोणी उरलं नाही म्हणून विचारते.

ह्यांनी दोन दिवस आनंदात काढले. गुणगुणत दाढी केली. मला म्हणाले, "तू आता केव्हाही जा, रविवारी जा, बाबा वाट बघतायत." त्यांना माफी मिळाली होती रे! न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाल्यावर माणूस इतका हलका होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मला वाटायला लागलं, राहू दे. कशाला सांगायचं? सुखात आहेत, असू देत.

पण नाही राहवलं. त्यांच्या तोंडून दिवसातून चार वेळा 'बारक्या चांगला वागला' ऐकून घेणं माझ्याच्याने झालं नाही. काल हे कामावरून आले, हातपाय धुतले, आणि मी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. पंधरा, सत्तावीस, एकोणसाठ. चष्मेवालीचं गणित, मावशीचं बोलणं, तुला लिहिलेलं पत्र.

ते ऐकत होते. रागावले नाहीत. मग लहान मुलासारखं मला विचारलं, "म्हणजे मला डुलकी लागली नव्हती?"

मी म्हटलं, "नव्हती."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही जागे होतात."

पुन्हा थोड्या वेळाने, "म्हणजे मी सगळा वेळ जागा होतो."

बारक्या, मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय. बाबांचं ऐकलंय, लोकांचं ऐकलंय. पण ह्यांनी तो प्रश्न ज्या आवाजात विचारला, तो तुझ्या कानाशी कोणीतरी रोज विचारावा असं मला वाटलं. देव करो आणि विचारो.

मग ह्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "तुला हे मी जायच्या आधीच माहीत होतं?"

त्याचं उत्तर देताना मला जमिनीकडे बघावं लागलं. हो, माहीत होतं. मी गप्प बसले, कारण तू बोलशील असं वाटलं. आणि दुसरंही एक होतं, तेही लिहिते. ह्यांना कळलं असतं तर हे गेले नसते, आणि मग बाबांचा दरवाजा मला कायमचा बंद झाला असता. मला बाबांना एकदा बघायचं होतं. म्हणून मी माझ्या नवऱ्याला न केलेल्या चुकीची माफी मागायला बसमध्ये बसवून दिलं. डबासुद्धा भरून दिला. तेव्हा तुझ्या-माझ्यात फार अंतर आहे असं समजून मी हे लिहीत नाही.

ह्यांनी मला काही बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "बाप तुझा आहे, तू जा. मी पुन्हा त्या अंगणात पाय ठेवणार नाही." आणि जेवले नाहीत.

तर मी येतेय. रविवारी, सकाळच्याच बसने. तुझ्या चहाची अपेक्षा नाही.

सोबत एक वेगळा कागद आहे, बाबांच्या नावाने. तो तू त्यांना वाचून दाखवायचा आहेस. मोठ्याने, कानाशी बसून, अक्षरन् अक्षर. नाही वाचलास तरी चालेल. मग रविवारी मी बाबांच्या कानाशी बसून पहिला प्रश्न हाच विचारीन, माझं पत्र मिळालं का? ते नाही म्हणाले, तर तू तिथे उभं राहून काय उत्तर द्यायचं ते आत्तापासून ठरवून ठेव. तुझ्याकडे वेळ आहे. ह्यांच्याकडे तासाचं माप होतं, तुला मी दिवसांचं देतेय.

अजून तरी तुझी ताई


(बाबांसाठी)

ती. बाबा,

नमस्कार. तब्येत कशी आहे हे मी आल्यावर स्वतः बघीन.

हे पत्र बारक्या वाचतोय. त्याचा आवाज नीट ऐका.

तुम्ही मागच्या रविवारी माझ्या नवऱ्याला माफ केलंत. मोठ्या मनाने केलंत, त्यांनी घरी येऊन तुमचं कौतुकच केलं. पण बाबा, त्या लाद्या त्यांच्या झोपेने फुटल्या नाहीत. ते जागे होते. चुकला तो आकडा. तासाला किती अंश उतरवायचे, त्यात बत्तीस मिळवायचे नसतात. तासाला सत्तावीस हवे होते, एकोणसाठ दिले गेले. तुम्ही कोणालाही विचारून खात्री करून घ्या. शाळेतल्या मुलीलाही हे येतं.

आकडा चुकला याबद्दल बारक्याला एक शब्दही बोलू नका. तो तेव्हा नवा होता, आणि ते गणित आपण चौघांनी मिळून बरोबर ठरवलं होतं. त्या दिवशी अंगणात जो निकाल लागला, त्यात मीही होते.

पण पुढच्या वर्षी जाड काचेचं काम पुन्हा आलं. त्या वेळी भट्टी तासाला सत्तावीसने उतरवली. ती बारक्याने स्वतः उतरवली. म्हणजे चूक कुठे होती ते त्याला तेव्हा समजलं होतं. आम्ही हाकेच्या अंतरावर नव्हतो, पण पत्त्यावर होतो. आणि तुम्ही तर त्याच घरात, शेजारच्या खोलीत होतात.

बाबा, एवढं वाचून तो थांबला असेल तर त्याला घाई करू नका. पाणी द्या. आणि मग विचारा, तुला कळलं त्या दिवशी तू मला का नाही सांगितलंस?

मला त्याचं उत्तर माहीत नाही, म्हणून मी पुढे काही लिहीत नाही. यापुढचं तो सांगेल.

तुमची मुलगी,
आणि तुम्ही ज्यांना माफ केलंत त्यांची बायको